खाडीच्या वेगाने

कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीवरून निघालेला वारा इमारतींच्या फटींतून वाट काढता काढता जिथे दमून जातो, तिथे तिसऱ्या मजल्यावर हरिहररावांची निजायची खोली होती. खोलीच्या कोपऱ्यात शिसवी तिपाईवर एक काळी पेटी नऊ वर्षं गुणगुणत होती. दुपारचं जेवण झालं की हरिहरराव तिच्याशेजारी आडवे होत. डोळा लागता लागता त्या गुणगुणण्याचं पाणी होई. ते आधी तळपायांना लागे, मग गुडघ्यांना, आणि मग पलंगच कुणी वल्हवल्यासारखा हलकेच पुढे सरके. उपकरणशास्त्रात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं स्पष्टीकरण ठाऊक होतं: झोपेच्या उंबरठ्यावर मेंदू एकसुरी आवाजाला चित्र जोडतो. स्पष्टीकरण ठाऊक असूनही पलंग रोज सरके, आणि याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पेटीत खाडी होती. हे शब्दशः घ्यायचं नसलं तरी निव्वळ अलंकारिकही नव्हतं. २०१६ साली उत्तनच्या डॉमनिक नावाच्या मच्छीमाराने हरिहररावांना सांगितलं होतं, की ढोमा मासा पाण्याखाली ढोल वाजवतो, आणि तो ढोल वर्षागणिक हळू होत चालला आहे. पहिली गोष्ट हरिहररावांनी पुस्तकांत तपासली. ती खरी निघाली. ढोम्याच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यावर स्नायू आपटून तो आवाज काढतो. दुसऱ्या गोष्टीला पुरावा नव्हता. पुरावा नाही म्हणून ती खोटी, असं म्हणणाऱ्यांपैकी ते नव्हते. ती मोजायची राहिली आहे, एवढंच ते म्हणत. डॉमनिकच्या जाळ्याच्या खुंटाला त्यांनी पाण्यात चालणारा मायक्रोफोन बांधला आणि दर वर्षी पावसाळा ओसरताना खाडीच्या तोंडाशी काही आठवडे ध्वनी मुद्रित केला. नऊ वर्षं. संगणकाने ढोलाचे ठोके मोजले, ठोक्यांचे आलेख झाले. ध्वनी मात्र हरिहररावांनी स्वतः कधी ऐकला नाही. कान आशेने ऐकतो, असं त्यांचं मत होतं.

डॉमनिक आता एक्क्याऐंशीचा होता. २०१९ मध्ये त्याने होडी विकली, मायक्रोफोनसाठी खुंट तेवढा राहू दिला, त्यानंतर वर्षभरात कान गेले, आणि तो बायको ऑड्रीसह ठाण्याला मुलीकडे राहायला आला. गेल्या महिन्यात कानाला यंत्र लागलं. लागल्या लागल्या त्याने फोन केला होता. "मास्तर, माज्या शेवटच्या फेरीचा आवाज तुज्याकडं हाय ना? दसरा झाला की रविवारी चर्चात मिस्सा करून येतो. मना आयकव." हरिहररावांनी शब्द दिला होता. त्यात अवघड काहीच नव्हतं. पेटी उघडायची, तारीख शोधायची, कळ दाबायची.

पेटीत चार डिस्क होत्या. घेतली तेव्हाच हरिहररावांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी विचारलं होतं, "एका डब्यात मावेल ते चार डब्यांत कशाला?"

"समज, चार वह्या आहेत," हरिहरराव म्हणाले होते. "मजकुराची पहिली ओळ पहिल्या वहीत, दुसरी दुसरीत, अशी वाटत गेलो तर काम झपाट्याने होतं. पण एक वही हरवली की सगळाच मजकूर बुडाला. त्याला म्हणतात रेड-शून्य."

"नावातच कळलं."

"दोन वह्यांत तोच मजकूर हुबेहूब लिहिला तर रेड-एक. आरसा म्हण. भरवशाचं, पण अर्धे कागद त्यातच जातात. मी घेतलंय ते रेड-पाच. प्रत्येक पानावर तीन वह्यांत मजकूर आणि चौथीत त्या तिघींची बेरीज. कुठलीही एक हरवू दे, उरलेल्या तिघींवरून तिचं पान पुन्हा मांडता येतं. शिवाय बेरजेचं काम कायम एकीच्याच गळ्यात नाही. ते पानागणिक फिरतं."

"आमच्या भजनी मंडळात चहाची पाळी फिरते तसं."

"तसंच."

"आणि दोघी हरवल्या तर?"

"दोघी एकदम हरवत नाहीत," हरिहरराव म्हणाले होते. या वाक्याला कुठलाही पुरावा नव्हता, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मंदाकिनीबाईंच्या वडिलांचं डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथे पान्यापासून व्हर्नियरपर्यंत एकेक वस्तू खणातून बाहेर निघे, तेलाच्या फडक्याने पुसली जाई, लाल कपड्यावर मांडली जाई. नियम एकच होता: हत्यार उघडं पाहिजे. बंद खोक्याला हळदकुंकू वाहणं म्हणजे पाहुण्याला सोडून त्याच्या छत्रीला ओवाळणं, असं वडील म्हणत. लग्नानंतर मंदाकिनीबाईंनी नवऱ्याच्या स्क्रू-ड्रायव्हरांची आणि मल्टिमीटरची पूजा कधी चुकवली नव्हती. नवऱ्यानेही ती कधी अडवली नव्हती. तो त्या दिवशी बाहेर जाई, एवढंच.

यंदा खंडेनवमीला हरिहरराव ठाण्याच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात 'पुरावा कशाला म्हणावं' या विषयावर बोलून चारच्या सुमारास परतले. ऑक्टोबरचं ऊन भिंतींतून खोलीत उतरलं होतं. खिडकीचा पडदा हलत नव्हता.

"अहो, तुमची पेटी काहीतरी विचारतेय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी उत्तर दिलेलं नाही."

पेटीचे चारही दिवे हिरव्याचे पिवळे झाले होते आणि संगणकाच्या पडद्यावर वाक्य होतं: संच ओळखता येत नाही. नव्याने तयार करू? खाली हो आणि नाही. 'हो' म्हणजे नऊ वर्षांवर बोळा फिरणार होता. हरिहररावांनी पेटी बंद केली आणि वरची डिस्क बाहेर ओढली. तिच्या कपाळावर, असलं तर, हळद होती आणि हळदीवर कुंकू.

"हे काय?"

"खंडेनवमी."

"मंदा, ही हत्यारं नाहीत."

"मग काय आहेत? नऊ वर्षं यांच्यावरच तर काम करताय. आधी बटण बंद केलं हो मी, तुम्ही करता तसं. मऊ फडक्याने पुसल्या, टिळा लावला, पाटावर ठेवल्या, नैवेद्य झाल्यावर परत आत. एकीलाही धक्का लागू दिला नाही."

हरिहररावांनी कपाटातून स्पिरिट काढलं. पहिली डिस्क पुसली, दुसरी पुसली. दोघींतल्या एकीवर कुंकू इतकं दाट होतं, की त्याचा ओघळ स्क्रूच्या खाचेत उतरला होता. तो काडीला कापूस गुंडाळून काढावा लागला. तिसरी हातात घेतली आणि ते थांबले. तिच्यावरचा टिळा बेताचा होता. चौथीवर तर टिळा नव्हताच, नुसती गुलाबी सावली होती.

"बोट कुंकवात किती वेळा बुडवलंस?"

"एकदाच. ओलं केलं होतं. चार टिळ्यांना कितीदा बुडवायचं?"

"आणि टिळे कुठल्या क्रमाने लावलेस?"

"वरची काढली, पुसली, टिळा लावला, पाटावर ठेवली. मग तिच्या खालची. अशा चारी."

"परत ठेवताना?"

"हाताला आली तशी. चारी सारख्याच तर आहेत. चौघी जुळ्या बहिणी."

हरिहरराव पलंगाच्या कडेवर बसले. कुठली डिस्क कुठल्या खणात होती याची एकमेव नोंद या घरात आज दुपारी कुंकवाने झाली होती, आणि तिचा अर्धा भाग त्यांनी स्वतःच्या हाताने स्पिरिटने पुसून काढला होता.

"डाळींच्या बरण्यांना लेबलं लाव म्हणून मला पंचवीस वर्षं ऐकवताय," मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या. "यांना का नाही लावलीत?"

हरिहररावांनी स्पिरिटची बाटली परत कपाटात ठेवली.

क्रमाचा प्रकार विलक्षण होता. बेरीज क्रमाची पर्वा करत नाही. चार वह्या कशाही मांडा, ती तीच येते. वाचायला मात्र क्रम लागतो. चौघींतलं एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं, आणि एक वाक्यही शिल्लक नव्हतं. दुरुस्त होण्यासारखं होतं हे. पण डिस्क पुन्हा सुरू करून पाहिल्या तेव्हा पुसलेल्या दोघींपैकी एकीने टक् आवाज केला, थोड्या वेळाने पुन्हा टक्, आणि मग ती बोलेनाशी झाली. नऊ वर्षं अखंड फिरलेली वस्तू एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नसतं. हे हरिहरराव विद्यार्थ्यांना शिकवत असत.

दसऱ्याला ठाण्याहून लेकीचा, क्षिप्राचा फोन आला. ती संगणकांच्याच कामात होती. सोनं वगैरे बोलून झाल्यावर तिला हकिगत कळली.

"बाबा, बॅकअप कुठाय?"

"रेड-पाच होतं ना."

"मी ते नाही विचारलं."

हरिहररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रेड म्हणजे बॅकअप नाही हो, बाबा. एखादी डिस्क मेली तर रेड वाचवतं. कोणी त्या उचकटल्या, आपणच काहीतरी पुसलं, पेटीच जळाली, त्यातून नाही वाचवत. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, वेगळ्या जागी. एका साक्षीदारावर विसंबू नये म्हणून भाषणं तुम्ही देता ना?"

"आता तू मला शिकव."

"शिकवतेच आहे. चारी एकदम घेतलेल्या ना? एकाच खोक्यातल्या? मग त्या म्हाताऱ्यापण एकदमच झाल्या. एक गेली म्हणजे दुसरीचा भरवसा नाही. आणि प्लीज, नवीन डिस्क टाकून रीबिल्ड लावू नका. त्यात उरलेल्या तिघींचं पान न् पान वाचलं जातं, तेवढ्यात आणखी एक बसली की संपलं. क्रम लागला तर आधी हवं ते बाहेर काढा. आईला द्या."

आईने फोन कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "मला काय बोलतेस? हे तरी वेगळं काय करत होते? रोज आंघोळ झाली की पेटीचे चार हिरवे दिवे बघायचे, मगच चहा. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही."

शुक्रवारी हरिहररावांनी कागद घेतला. चार डिस्क चार खणांत चोवीस प्रकारे बसतात. प्रत्येक वेळी पेटी सुरू करणं म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावणं. चोवीस प्रयोग परवडणारे नव्हते. गुलाबी सावलीची डिस्क शेवटची, म्हणजे चौथ्या खणातली. बेताच्या टिळ्याची पहिली नक्की नव्हे, कारण तिच्याहून दाट टिळा त्यांनी पुसला होता; ती दुसरी किंवा तिसरी. दाट टिळा पुसलेल्या दोघींत नेमका कुणावर होता, हे रागाच्या भरात पाहायचं राहून गेलं होतं. चोवीसाचे चार झाले. पाऊण शक्यता कुंकवाने छाटल्या होत्या आणि थोडंसं अधिकही. हा हिशेब मांडताना त्यांनी वर पाहिलं नाही, कारण मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या.

गेलेल्या डिस्कचा खण रिकामा ठेवायचा होता. पहिल्या वेळी दिवे पिवळे, दुसऱ्या वेळीही पिवळे. तिसऱ्या वेळी तीन दिवे एकामागून एक हिरवे झाले आणि वरून तिसरा खण काळा राहिला. पडद्यावर आलं: संच अपूर्ण. चालू. त्याखाली नऊ वर्षं ओळीने उभी होती.

शनिवारी दुपारी, नवी डिस्क आणून, त्यांनी प्रत काढायला घेतली. आधी २०१६ आणि २०२४, रेषेची दोन टोकं. मग २०१७ पासून पुढे. आकडा सावकाश चढू लागला तसे ते पलंगावर आडवे झाले. पाणी आलं. या वेळी त्यात एक वेगळेपण होतं. चौघींतली एक नव्हती, तरी मजकूर पूर्ण वाचला जात होता. दर चौथा तुकडा कुठेच लिहिलेला नव्हता, तो उरलेल्या तिघींच्या आधाराने त्या त्या क्षणी मांडला जात होता आणि लगेच सोडून दिला जात होता. पलंग अशा पाण्यावरून सरकत होता, ज्याचा चौथा हिस्सा पाणी नव्हताच, केवळ अनुमान होतं. तरी तो बुडत नव्हता. हरिहररावांना अर्धवट झोपेत वाटलं, की खाली वाकून हात घातला तर त्या चौथ्या हिश्शाचा गारवा निराळा लागेल. त्यांनी हात घातला. फरशी लागली.

रविवारी पहाटेपर्यंत २०१८ पर्यंतची वर्षं नव्या डिस्कवर उतरली होती. नऊच्या सुमाराला आकडा अडखळला. तिघींतली एक, स्पिरिटने पुसलेली, प्रत्येक पान वाचायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागली. वेग हजारातला एक उरला. हरिहररावांनी भागाकार केला आणि तो पुन्हा करून पाहिला. एक तासाचा ध्वनी वाचायला जवळपास एक तास लागणार होता. खाडी ज्या वेगाने वाजली होती, त्याच वेगाने ती आता बाहेर येणार होती. उरलेल्या पाच वर्षांचे आठवडे काढायला तेवढेच आठवडे. आणि डिस्कच्या हाती दुपारपर्यंतचाही वेळ दिसत नव्हता.

अकरा वाजता डॉमनिक आणि ऑड्री आले. डॉमनिकने मिस्साचा पांढरा शर्ट घातला होता. ऑड्रीने मंदाकिनीबाईंच्या हातात सुकटाच्या चटणीची बाटली दिली.

"काय मास्तर, तुजी पेटी आजारी पडली म्हनं?"

"चारातली एक गेली, दादा. दुसरी जायच्या बेतात आहे."

"याच्या कानांसारकं," ऑड्री म्हणाली.

"तू गप. मशीन लावल्यापासून सगलं तुजंच आयकू येतं."

हरिहररावांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. "एक तास निघेल असं दिसतं. खात्री नाही. आणि मला दोन हवेत."

"तुज्या कामाचा कुठला?"

"२०२१चा. त्या संध्याकाळी ठोके सगळ्यात जास्त होते. तो मिळाला नाही तर मधली सगळी वर्षं कोरी."

"न माजा?"

"२०१९. तुमची शेवटची संध्याकाळ. आलेखात त्यात विशेष काही नाही."

डॉमनिकने यंत्र कानात नीट बसवलं. "मग तुजा काड. माजं काय, मी तं होतो तिते."

हरिहरराव पडद्याकडे बघत राहिले. २०२१ हा उपयोगाचा आकडा होता, त्यात वादच नव्हता. पण नऊ वर्षांच्या मुद्रणात एकही तास असा नव्हता, की जो चालू असताना तिथे हजर असलेला माणूस शेजारी बसून कुठला आवाज कशाचा ते सांगेल. संगणकाने जे ठोके म्हणून मोजले ते ठोकेच होते, हे आजवर कुणी पडताळलं नव्हतं. साक्षीदार आज समोर होता. या कारणाने त्यांनी २०१९ निवडलं. कारण आधी सुचलं की निवड आधी झाली, हे त्यांनी तपासलं नाही.

कळ दाबली. खोलीत पाणी शिरलं.

सुरुवातीला तो नुसता घोष होता, रिकाम्या रांजणाला कान लावल्यासारखा. डॉमनिकच्या यंत्राने शिट्टी मारली. त्याने मान हलवली, यंत्र काढून ऑड्रीच्या हातात दिलं आणि खुर्ची पुढे ओढून हनुवटी तिपाईच्या लाकडावर टेकवली, स्पीकरला लागून.

"होडीत असंच आयकायचं. कान नाय लागत. हाड लागतं."

हरिहररावांना यातलं पदार्थविज्ञान ठाऊक होतं. त्यांनी वही आणि घड्याळ समोर ठेवलं.

मग ढोल आला. ओल्या लाकडावर कुणी बोटाच्या पेराने मारावं तसा एक ठोका, लांबून. मग दुसरा, त्याच्या डावीकडून. मग मागून. डॉमनिकचं बोट तिपाईवर त्यांच्याबरोबर उठू लागलं.

"ढोमा," तो म्हणाला. हरिहररावांनी वेळ लिहिली.

"हा मोटा. ही घोळ हाय. ढोमा नाय." वेळ लिहिली. संगणकाने त्या घोळ माशालाही ढोम्यातच मोजलं होतं.

"ही माजी होडी. आयकतंस? पान्याखालून कशी म्हातारी वाटते."

नऊ वर्षं हरिहररावांनी हा ध्वनी रेषांच्या रूपात पाहिला होता. तो गोल असेल, त्याला जवळ-लांब असेल, दोन ठोक्यांच्या मधे पाणी स्वतः काहीतरी पुटपुटत असेल, असं आलेखात कुठेच नव्हतं. खिडकीच्या पडद्यातून आलेलं ऊन छतावर थरथरत होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, म्हणून. मंदाकिनीबाई चहा घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. डिस्क अडखळली की आवाज एक श्वासभर थांबे, आणि डॉमनिकचं बोट मात्र थांबत नसे. आवाज परत येई तेव्हा बोट आणि ठोका पुन्हा बरोबर असत. हरिहररावांनी हे तीनदा पाहिलं आणि तीनदा टिपलं. प्रत्येक ठोक्याचा चौथा हिस्सा कुठेच लिहिलेला नव्हता. कुठला हिस्सा तो, हे ऐकून सांगता येत नव्हतं.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला पेटीने टक् केलं. पुन्हा टक्. खाडी गेली. पडद्यावर आलं: संच निकामी. पेटीचा पंखा तेवढा फिरत राहिला, पूर्वीसारखाच गुणगुणत.

हरिहररावांनी डॉमनिकच्या खांद्याकडे हात नेला. डॉमनिकचे डोळे मिटलेले होते, हनुवटी लाकडावर होती आणि बोट वाजत होतं. सावकाश, एकेक. हात तसाच हवेत राहिला. ऑड्रीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हरिहररावांनी हात मागे घेतला, घड्याळ जवळ ओढलं आणि मोजायला सुरुवात केली.

चहावर साय आली. छतावरचं पाणी हळूहळू भिंतीवर उतरलं. मिनिटाला बावीस. मग अठरा. मग बराच वेळ चौदा. एकदा बोट अडलं, जणू समोरून कुणीतरी उत्तर द्यायचं होतं, आणि मग पुन्हा चालू झालं, आणखी संथ. खोलीतल्या कुणालाही हालचाल करावीशी वाटत नव्हती. हरिहररावांना पाय ओले झाल्यासारखे वाटले. ते जागे होते, हे त्यांनी मुद्दाम तपासून पाहिलं.

साठावं मिनिट संपलं तसं डॉमनिकने डोकं उचललं. हनुवटीवर तिपाईच्या कडेचा वळ उमटला होता.

"पानी उतरलं," तो म्हणाला. "आयकलंस ना, शेवटी लांब लांब गेले?"

ऑड्रीने त्याच्या कानात यंत्र बसवलं. हरिहररावांनी ते नीट बसेपर्यंत वाट पाहिली.

"दादा, आवाज त्रेचाळिसाव्या मिनिटाला बंद पडला. त्याला सतरा मिनिटं झाली."

डॉमनिकने काळ्या पेटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. "मग मी काय आयकत होतो?"

"मला ठाऊक नाही."

"तू नुस्ता बसून होतास काय सतरा मिनटं?"

"लिहीत होतो."

"काय लिवलं, वाच."

हरिहररावांनी वही प्रकाशाकडे धरली. "त्रेचाळीस ते साठ. ध्वनिमुद्रण नाही. डॉमनिक यांचं बोट. मिनिटाला ठोके: बावीस, अठरा, चौदा, त्यानंतर एकदा खंड, अकरा, शेवटच्या मिनिटाला नऊ."

"नऊ नाय," डॉमनिक म्हणाला. "सात."

"मी मोजलेत, दादा."

"तू माजं बोट मोजलंस. सात होते."

"झालं, आता लागले भांडायला," ऑड्री मंदाकिनीबाईंना म्हणाली. "चहा तरी गरम करूया चल."

हरिहररावांनी नऊ खोडलं नाही. त्याच्या शेजारी थोडी जागा सोडून त्यांनी सात लिहिलं, आणि दोन्हींखाली तारीख घातली.